चिमटीतले मीठ

वटारला आमचे छोटे किराणा दुकान होते. संध्याकाळी फळ्या लावायच्या वेळी तेलाचे डबे, साखर, डाळी सगळे आत जाई. मिठाचे पोते मात्र ओट्यावरच राही. ते कोणी चोरत नसे. एक तर मिठाला किंमत ती काय, आणि दुसरे, खाल्ल्या मिठाला जागायचे असते असे मानणाऱ्या गावात चोरलेल्या मिठाला जागायचे तरी कसे! पावसाळ्यात त्या पोत्याला घाम फुटे. खारे पाणी ओघळून खालच्या चिऱ्यात मुरे. वर्षानुवर्षे मुरून त्या चिऱ्याला परातीएवढा खळगा पडला होता. मीठ विकले जाई ते तराजूने नव्हे, मापट्याने. मापटे भरले की वर हाताने एक चिमूट टाकायची, ही वडिलांची रीत.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. दहावीनंतर दुकानात बसलो, उधारीच्या वह्या लिहिल्या, आणि वसईच्या किल्ल्याविषयी मिळेल ते वाचता वाचता जुन्या कागदांचा नाद लागला. आजवर जे थोडेफार लिहिले ते इकडची शेते, विहिरी, बंदरे यांच्यावर. मिठावर लिहावे असे कधी वाटले नाही. ते रोज पुढ्यात होते म्हणूनच बहुधा. यंदा लिहितो आहे त्याचे कारण घरचे आहे, आणि ते आधी सांगून टाकलेले बरे.

१९९८ च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्याचे बारसे झाले. चाळीसेक माणसे जेवायला होती. आमटी आईने केली होती आणि ती खारट झाली. पाहुण्यांनी वाटी हळूच बाजूला सारावी इतकी खारट. वडील पंगतीतच म्हणाले, "हिचा हात गेला आता." आई तेव्हा चौसष्ट वर्षांची. शेजारच्या काकूंनी सांभाळून घेतले, विहिरीचे पाणी मचूळ झाले असेल म्हणाल्या. पण पुढच्या महिन्याभरात तसे आणखी दोन-तीनदा झाले. एकदा तर मीच ताट सरकवून उठलो. त्यानंतर आईने मीठ घालणे सोडले. वाटण, फोडणी, उकळी सगळे तिचे, शेवटी सुनेला हाक मारी, "मीठ तेवढं तू घाल गं." २०११ मध्ये ती गेली, तोवर हेच चालले होते.

पुढे २०१९ मध्ये मला रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत. हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा. आपल्याकडे वेगवेगळ्या पाहण्यांत माणशी आठ ते अकरा ग्रॅम भरते. दुकानदाराचा मुलगा असल्याने माझे पहिले पाऊल दुकानाकडेच वळले. नालासोपाऱ्याच्या एका मोठ्या दुकानात मिठाचे अख्खे कपाट होते: साधे आयोडीनयुक्त, लोह घातलेले, खड्यांचे, सैंधव, गुलाबी, काळे, कमी सोडियमचे. मी गुलाबी आणले. दिसायला सुरेख, किंमत भारी, त्यामुळे गुण येणारच अशी समजूत. पुढे वाचले तेव्हा कळले की ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतले आपले जुने सैंधवच, उपवासाला लागते ते. रंग लोहाच्या अंशामुळे. सोडियम जवळजवळ तेवढेच. साध्या मिठात वजनाच्या साधारण ३९ टक्के सोडियम असते, आणि समुद्राचे घ्या की डोंगराचे, त्यात सांगण्यासारखा फरक पडत नाही. खरा फरक कमी सोडियमच्या मिठात असतो, कारण त्यात काही हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा असतो. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. हे एवढे कळायला मला दोन पाकिटे लागली.

कपाटासमोर उभे असताना एक विचार मात्र मनात घुसला तो निघेना. आईने आयुष्यात कधी मीठ निवडले होते का? मला आठवत नाही. मीठ हे मीठ होते. मग निवडत कोण होते?

आपल्या भाषेने या पदार्थाला दिलेले नावच गमतीचे आहे. मीठ हा शब्द संस्कृत 'मृष्ट'वरून आला असे कोशकार सांगतात, म्हणजे चवदार, गोड. हिंदीत मीठा म्हणजे गोड, गुजरातीत मीठुं म्हणजे मीठही आणि गोडही, आणि आपल्याकडे थेट खारट. मूळचे 'लवण' मात्र लपून बसले आहे: लोणच्यात, लोणारात, आणि 'अलवण'पासून झालेल्या अळणीत.

निवडीचा सगळ्यात जुना मराठी कागद मला माहीत आहे तो १६७१ चा. शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेले पत्र. पोर्तुगीजांच्या बारदेशातून मीठ स्वस्त येत होते. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडच्या आपल्या मिठाचा खप बसेल, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, अशी त्यात आज्ञा आहे. या पत्राचे कौतुक राज्यकर्त्याची दूरदृष्टी म्हणून होते आणि ते रास्तच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कोणत्या आगरातले मीठ कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचायचे, हे चुलीशी बसलेली बाई ठरवत नव्हती.

इंग्रजांनी हे पुरतेच आपल्या हातात घेतले. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर आला. १८४४ मध्ये तो रुपया केला तेव्हा सुरतेत दंगल उसळली आणि तो बारा आण्यांवर आणावा लागला. १८८८ मध्ये देशभर अडीच रुपये. मण म्हणजे सव्वासदतीस किलो धरला तर किलोमागे एक आणा नुसता कर. मुंबई इलाख्याच्या १८९० च्या मीठ कायद्याने तर परवान्याशिवाय मीठ पिकवणेच नव्हे, नैसर्गिकरीत्या साठलेले मीठ उचलणेही गुन्हा ठरले. भरती ओसरल्यावर खडकाच्या खळग्यात वाळलेले मीठ ओंजळीत घेणारी कोळीणही गुन्हेगार.

मार्च १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. त्या भाषणात मिठावर त्यांनी मांडलेला हिशेब मी तीनदा वाचला, कारण पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. गोखल्यांचे म्हणणे असे की करामुळे हिंदुस्थानात मिठाचा खप माणशी वर्षाला दहा पौंडांच्याही खाली गेला आहे, आणि निकोप प्रकृतीला तर वीस पौंड हवे असे वैद्यकातले जाणकार सांगतात. त्याचे ग्रॅम करून पाहा. दहा पौंड म्हणजे रोज बारा ग्रॅमच्या वर. वीस पौंड म्हणजे रोज जवळजवळ पंचवीस ग्रॅम! डॉक्टरने मला नेमून दिले त्याच्या पाचपट.

म्हणून गोखले चुकले असे कोणी म्हणू नये. तो विक्रीचा आकडा होता. त्यातले कितीतरी मीठ पोटात जात नव्हते. ते लोणच्यात, कैऱ्या खारवण्यात, मासळीत, गुरांच्या आंबोणात जात होते. उन्हात दहा तास राबणाऱ्याचा घाम वेगळा, आणि गल्ल्यावर बसून लेख लिहिणाऱ्याचा वेगळा. शिवाय गोखल्यांचा मुद्दा करापुरता पक्का होता: कर उतरला की खप वाढतो, म्हणजे लोक मिठावाचून राहत होते. सरकारने १९०३, १९०५ आणि १९०७ मध्ये कर टप्प्याटप्प्याने रुपयावर आणला. १९२३ मध्ये तो पुन्हा एका वर्षापुरता अडीच रुपये झाला, आणि १९३० मध्ये गांधीजी दांडीला निघाले तेव्हा सव्वा रुपया होता.

दांडी, शिरोडा, वडाळा हे आपण शाळेत शिकलो. त्यातून काय पदरात पडले ते शिकलो नाही. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एक कलम होते: जिथे मीठ तयार होते त्या भागाला लागून असलेल्या गावांतल्या लोकांनी घरच्या वापरापुरते आणि त्याच गावांत विकण्यापुरते मीठ गोळा करावे किंवा बनवावे, गावाबाहेर विकू नये. समुद्राने आणि मिठागरांनी वेढलेल्या वसईसारख्या मुलखात या कलमाचा अर्थ काय झाला असेल, हे इकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. कर पुरता उठला तो स्वातंत्र्याच्या थोडा आधी, एप्रिल १९४७ पासून. आमच्या ओट्यावरचे बेवारशी पोते ही त्या लढ्याची कमाई होती. मीठ इतके स्वस्त झाले की चोरण्याच्या लायकीचे उरले नाही.

ते मीठ यायचे वसई-नायगावकडच्या मिठागरांतून. गेल्या वर्षी मार्चात मी मुद्दाम तिकडे गेलो. मिठागरे बरीच आटली आहेत. जुलै २०१८ च्या पुरात वसईच्या मिठागरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढावे लागले तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळले असेल की तिथे माणसे राहतात. मला भेटलेल्या म्हाताऱ्या कामगाराने पायाने वाफा दाखवत समजावले. उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, एका तळ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचे, दाट झाले की उथळ वाफ्यात सोडायचे. तिथे मीठ 'पिकते'. खारेपणा मोजायच्या बोमे मापकावर साधारण पंचविसाला खडा धरू लागतो. एकोणतीस-तिसाच्या पुढे ते पाणी ठेवले तर मॅग्नेशियमचे क्षार बसून मीठ कडवट होते, म्हणून उरलेले पाणी वेळीच काढून द्यावे लागते. म्हाताऱ्याजवळ मापक नव्हता. तो पाणी बोटाला लावून चाखत होता.

थोडे कडू पाणी खड्यात राहतेच, आणि तेच हवेतली ओल ओढून घेते. आमच्या पोत्याला फुटणारा घाम तो. त्याच्याकडून किलोभर खडे मीठ घेऊन आलो.

आता १९९८ कडे येतो. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात आयोडीनअभावी गलगंड फार. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आयोडीन घातलेल्या मिठाने तो हटतो. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे कळत गेले की हा प्रश्न हिमालयापुरता नाही, आणि केवळ गळ्याचाही नाही. गर्भातल्या मुलाच्या मेंदूचा आहे. तेव्हा सगळ्या देशाचे मीठ आयोडीनयुक्त करायचे ठरले. १९८३ मध्ये टाटांचे पाकीटबंद मीठ बाजारात आले होतेच, मिठापूरचे, बारीक, कोरडे, पांढरेशुभ्र. नोव्हेंबर १९९७ मध्ये अधिसूचना निघाली आणि मे १९९८ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर बंदी आली. सप्टेंबर २००० मध्ये ती उठली, मे २००६ मध्ये परत आली. नागपूरच्या एका संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो नियम कायद्याच्या चौकटीबाहेरचा ठरवला, पण लोकांचे आरोग्य लक्षात घेऊन सहा महिने चालू ठेवला. तेवढ्यात नव्या अन्नसुरक्षा नियमांत तीच बंदी आलेली होती.

याविरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. मोठ्या कारखान्यांचे भले झाले, छोटी आगरे मेली, हे त्यातले खरे आहे. पण 'आम्हा समुद्राकाठच्यांना आयोडीन कशाला, आमचे मीठच समुद्राचे' हा युक्तिवाद खोटा आहे. समुद्राच्या मिठात आयोडीन नगण्यच असते. काठच्या माणसाला ते मिळते मासळीतून. मुलांच्या मेंदूसाठी केलेला हा कायदा मला योग्यच वाटतो. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती कायद्याविरुद्ध नाही.

वडिलांनी मे १९९८ च्या अखेरीस खड्यांचे पोते आणणे बंद केले. वहीत तशी नोंद सापडली: 'मीठ पोते' ही ओळ त्या महिन्यात संपते आणि जूनपासून 'मीठ पाकिटे' सुरू होतात. बारसे जुलैत होते.

ही नोंद मी वीस वर्षांत अनेकदा चाळली असेन. दिसली या वेळी.

त्या रात्री स्वयंपाकघरातला छोटा काटा घेऊन बसलो. सपाट चमचा बारीक मीठ सहा ग्रॅम भरले. तोच चमचा मिठागरातल्या खड्यांचा साडेचार. खडे एकमेकांना लागून बसत नाहीत, मध्ये हवा राहते. मग शंभर ग्रॅम खडे तव्यावर मंद भाजून पुन्हा तोलले. पंच्याण्णव भरले, म्हणजे उरलेले पाणी. आई चमचा वापरत नसे, पाच बोटांची चिमटी घेई. म्हणून दहा-दहा चिमट्या उचलून सरासरी काढली. माझी बोटे तिच्यापेक्षा जाड, तरी दोन मिठांमधले प्रमाण तेच आले. ओल वजा केली तर बारीक मिठाची चिमटी खड्यांच्या चिमटीपेक्षा सव्वापटीहून बरीच जास्त, दीडपटीला टेकलेली. चाळीस माणसांच्या आमटीत अशा किती चिमट्या पडल्या असतील?

हात गेलेला नव्हता. पन्नास वर्षे एकच माप धरून बसलेला तो हात शाबूत होता, म्हणून तर आमटी खारट झाली. बदलले होते मीठ, आणि ते दुकानात आणले होते आम्ही.

बायकोला उठवून सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मलाही पहिल्या महिन्यात जास्तच पडत होतं. पण मी नवी होते, मला कोणी बोललं नाही."

'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण आपण सासुरवाशिणीच्या कैवाराने वापरतो. तिच्यातून एवढे निश्चित कळते की स्वयंपाकात बाईची परीक्षा कुठे होत असे. मीठ कोणते हे जकातदार, आगरवाला, सरकार ठरवी. किती, एवढेच तिच्या हाती होते आणि जाब त्याचाच असे. जुनी पंगत या बाबतीत शहाणी होती. पानात सगळ्यात आधी वर मधोमध मीठ वाढत. रांधणारी बेताने घाले, खाणारा आपल्या जिभेप्रमाणे लावून घेई. शेवटचा शब्द खाणाऱ्याचा.

हॉटेलात तो शब्द आपल्याला नसतो. घरी मीठ कमी केले तर जीभ काही आठवड्यांत सरावते. माझी दीड महिन्यात सरावली. त्यानंतर एका रविवारी मुलांबरोबर राजोडीच्या बाजूला जेवायला गेलो आणि पहिल्या घासाला थांबलो. भाजी खारट, रोटीवरचे लोणी खारट, पापड तर खारटच. मुलांना काहीच वाटले नाही. सहा महिन्यांपूर्वी मलाही वाटले नसते. ओळखीच्या एका आचाऱ्याला नंतर विचारले. तो हसला. "ग्रेव्ही सकाळी मीठ घालूनच शिजते. मग त्यात बटर, सॉस, चीज, सगळं खारटच. वर ऑर्डर निघताना मी पुन्हा घालतो. कमी पडलं तर गिऱ्हाईक प्लेट परत पाठवतं. जास्त झालं तर पाणी मागतं."

यापेक्षा नेमके उत्तर मला कोणत्या अहवालात मिळाले नाही. आणि गिऱ्हाइकाची जीभ कशी घडते त्याचेही जुने उदाहरण आहे. मुंबईत पोल्सनचे लोणी चालायचे, आंबवलेल्या सायीचे आणि खारे. पन्नासच्या दशकात आणंदचे अमूल बाजारात आले ते ताज्या सायीचे, आणि मुंबईकरांना ते मिळमिळीत वाटले. शेवटी अमूललाही मीठ घालावे लागले, वासासाठी डायअसेटिल घालावे लागले, असे वर्गीस कुरियन यांनी आठवणींत लिहिले आहे. शुद्ध लोणी हरले आणि सवय जिंकली. पाव, खारी, बटर यांच्यावर वाढलेल्या शहराला हॉटेलचे जेवण खारट लागावे तरी कसे?

म्हाताऱ्याने दिलेल्या किलोतले थोडे मीठ उरले होते. मागच्या महिन्यात आईच्या तिथीला बायकोने तिच्या पद्धतीने आमटी केली, आणि मी हट्टाने मीठ त्या खड्यांचेच घालायला लावले, आई घाली तेवढ्याच चिमट्या. बायकोला त्या पाठ होत्या. तेरा वर्षे तिने शेजारी उभे राहून पाहिल्या होत्या. उकळी आल्यावर तिने पळीतून तळहातावर थेंब घेतला, चाखला.

"थोडं कमीच आहे हो," ती म्हणाली, आणि बरणीकडे हात न नेता झाकण ठेवले.